सवतीचं पाणी

दुर्गाबाई : दारातच कामून उभे राहिलात? आत या की. बसा. पाणी आणते.

सूरज : पाणी नगं, मावशी.

दुर्गाबाई : मग चहा टाकते. संध्याकाळच्या वेळी कुणी तसंच जात नसतं आमच्या घरून.

सूरज : आदी काम उरकू. पूर्णिमा सुदर्शन वाकोडे, सी विंग, चौथा मजला. त्या तुमीच का?

पूर्णिमा : मीच. आपण?

सूरज : पडताळणीसाठी आलोय, मॅडम. 'आपला शेजार' ॲपवर निळ्या खुणेसाठी अर्ज केला व्हता न्हवं तुमी? घर बगायचं, मीटरचा एक फोटू काडायचा, झालं.

पूर्णिमा : घरी माणूस येईल असं कुणी बोललं नव्हतं. आधार कार्डाचा फोटो घेतला, लाइट बिल घेतलं. फोनसमोर मान डावीकडे वळवा, आता उजवीकडे वळवा, तेही करून झालं. आता काय, पत्रिका जुळवायची राहिली आहे?

सूरज : खाली बारीक अक्षरात लिवलंय, मॅडम. 'गरज वाटल्यास प्रत्यक्ष भेट.' वाचत न्हाई कोन.

पूर्णिमा : मी वाचते. दुसऱ्यांच्या चुका वाचून काढायच्या, हीच माझी नोकरी आहे.

सूरज : ठाऊक हाय. हिंजवडीला, टेस्टिंगमधी.

पूर्णिमा : हे तुमच्या त्या टॅबवर लिहिलंय?

सूरज : न्हाई वो. कंपनीची बस तुमाला धायरी फाट्यावर घेती न्हवं, तिथंच आमचं मोबाइलचं दुकान हाय. येता-जाता माणूस दिसतंच की.

दुर्गाबाई : म्हणजे गावातलेच तुम्ही. बघ पूर्णिमा, मी उगाच नाही म्हणत, चेहरा ओळखीचा वाटायला होता. कुणाचे वो तुम्ही?

सूरज : संपतरावांचा थोरला. सूरज नाव. ते पिवळे टँकर येत्यात न्हवं तुमच्या सोसायटीत, ते आमचे.

दुर्गाबाई : अगं बाई, संपतराव म्हणजे आपल्या त्या...

पूर्णिमा : आई, दूध गॅसवर आहे का बघा जरा.

दुर्गाबाई : दूध कधीच उतरवलं.

पूर्णिमा : एकदा बघा.

दुर्गाबाई : बघते, बाई.

पूर्णिमा : टँकर तुमचे, दुकान तुमचं, आणि ॲपची पडताळणी करायलाही तुम्हीच?

सूरज : ॲपची कंपनी बाहेरची हाय. त्यांनी पुण्याचं काम बिबवेवाडीच्या एका एजन्सीला दिलं. एजन्सीला मानसं पुरंनात, मग तिनं भाग पाडून वाटून टाकलं. धायरीचं मी मागून घेतलं.

पूर्णिमा : हौस म्हणून?

सूरज : आपल्या गावात कोन कोन राहायला आलंय, म्हायती असलेलं बरं. तुमची ही बिल्डिंग हाय न्हवं, हितं आमची ज्वारी व्हायची. माझ्या जन्माच्या आदी. जमिनी गेल्या, समदे हिंजवडीवाले आले. चांगलंच झालं म्हना, गावाला रस्ता झाला, दुकानं झाली. पण कोन कुठला, काय खातो, काय लिवतो, काय पत्ता लागत न्हाई. हे बगा, तपासून घ्या. नाव बरोबर? पत्ता बरोबर? खालचं बी बगा.

पूर्णिमा : हे खालचं तुम्हाला का दिसतंय?

सूरज : खात्याचं नाव हाय ते. 'रिकामी कळशी'. बरोबर हाय ना?

पूर्णिमा : मी विचारलं, ते तुम्हाला का दिसतंय? ॲपवर स्वच्छ लिहिलंय, खरं नाव कंपनीकडे राहील, टोपणनावाला जोडून ते कुणालाही दाखवलं जाणार नाही.

सूरज : मी कुठं कुनाला दाखवतोय? तुमालाच दाखवतोय. आन् मला दिसलंच न्हाई तर पडताळनी कशाची करायची, मॅडम? कुनाच्या फुडं खूण लावायची? कुनीतरी दोनी नावं शेजारी ठेवून बगायलाच पायजे की.

दुर्गाबाई : रिकामी कळशी कुणाची गं?

पूर्णिमा : काही नाही, आई. ॲपवर आपलं एक नाव ठेवायचं असतं. सगळेच ठेवतात.

दुर्गाबाई : भरलेली तरी ठेवायचीस.

सूरज : मावशी, तुमी चहा टाका, आता घेतो. मी खाली जाऊन मीटरचा फोटू काडून येतो. आलोच.

(सूरज जिना उतरून गेला. त्याच्या बुटांचा आवाज अगदी खालपर्यंत ऐकू येत होता आणि तोवर पूर्णिमा दाराला पाठ लावून उभी राहिली. हिंगोलीहून पुण्यात येऊन तिला बरीच वर्षं झाली होती. बँकेतला, बसमधला, सोसायटीतला कुणीही मनुष्य जास्त बोलू लागला की त्याला एका वाक्यात गप्प करण्याची पुणेरी विद्या तिनं मेहनतीनं कमावली होती आणि तिचा तिला अभिमानही होता. ती विद्या आज कामाला आली नव्हती. ती घाबरली होती. सासूला ते दिसू नये म्हणून दारातल्या चपला, नीटच होत्या त्या, पुन्हा नीट लावत बसली.)

दुर्गाबाई : तोंड असं कामून उतरलं तुझं? चांगलं बोलायलंय की लेकरू.

पूर्णिमा : आई, हळू. तो वर यायच्या आत ऐकून घ्या. आपल्या विंगमधल्या पोरांना कावीळ झाली होती ना, त्यानंतर ॲपवर एक मोठं लिहिलेलं फिरत होतं. शेजारच्या सरोजिनीबाईंनी तुम्हाला वाचून दाखवलं होतं.

दुर्गाबाई : हो की. 'सवतीचं पाणी'. ओढ्याकाठच्या विहिरीत गटार झिरपायलंय आणि तेच पाणी टँकरनं आपल्या टाकीत येतं म्हणून. त्याच्यावरून तर महापालिकेची माणसं आली, पाणी तपासलं, विहिरीला सील लावून गेली. कुणी लिहिलं म्हणून सगळी बिल्डिंग विचारायलीय.

पूर्णिमा : मी लिहिलं.

दुर्गाबाई : तू?

पूर्णिमा : रिकामी कळशी म्हणजे मी. सुदर्शनलासुद्धा सांगितलेलं नाही.

दुर्गाबाई : मग चांगलंच केलंस की. लेकरांचं भलं झालं. त्याच्यात लपवायचं काय?

पूर्णिमा : ती विहीर या माणसाची आहे. टोपणनावामागे मी होते तोवर त्यांना कुणाला धरायचं ते कळत नव्हतं. मग ॲपवर एकच गिल्ला सुरू झाला, रिकामी कळशी नावाचं कुणी इथे राहतच नाही, दुसऱ्या एका टँकरवाल्यानं काढलेलं खोटं खातं आहे. नावापुढे निळी खूण नाही म्हटल्यावर लोकांनाही ते पटायला लागलं. कावीळ झालेल्या पोरांचे आईबापसुद्धा म्हणायला लागले, असेल बुवा खोटं. मला संताप आला. म्हटलं, मी खरी आहे एवढं सिद्ध करू, नाव थोडंच दिसणार आहे. आणि माझ्या हातानं सगळं भरून दिलं.

दुर्गाबाई : मग आता काय करतील हे लोक? सुदर्शनला फोन लाव.

पूर्णिमा : माझं काय करायचं ते करोत, मला काळजी आहे ती आपल्या भाजीवाल्या बायडाबाईंची.

दुर्गाबाई : तिचं काय त्याच्यात?

पूर्णिमा : विहिरीचं मला कुणी सांगितलं, आई? आपल्या ओट्यापाशी बसून मेथी निवडता निवडता त्याच बोलल्या. आमच्या घरातल्या लेकरांना आम्ही ते पाणी देत नाही, तुम्हीपण देऊ नका म्हणाल्या. संपतरावांच्या भावजय आहेत त्या. या सूरजची सख्खी चुलती.

दुर्गाबाई : ते ठाऊक आहे की मला. मघाशी तेच म्हणायले होते, तर तू दूध बघायला लावलंस.

पूर्णिमा : म्हणूनच लावलं. नवरा नाही, मूल नाही, त्याच घराच्या मागच्या खोलीत दिराच्या मर्जीवर राहतात. भाजी विकायला निघतात तेवढंच काय ते बाहेरचं जग. घरच्यांना कळलं ना की बायडाबाईंनी सांगितलं, तर त्यांना कोण सोडवणार आहे? त्यांचं नाव काढायचं नाही. ओळखता का म्हणून विचारलं तर भाजी घेतो एवढंच म्हणायचं.

दुर्गाबाई : नाही काढणार. तुझी शपथ. मेले तरी नाव नाही यायचं तोंडात.

पूर्णिमा : आला बहुतेक. चहा ओता.

सूरज : झाला फोटू. मीटर सुदर्शनरावांच्या नावावर हाय, बरोबर. बसतो जरा. मावशी, आलं लई झ्याक पडलंय.

दुर्गाबाई : आमच्या गावचं आलं आहे.

सूरज : मॅडम, एक विचारू? कामाचं न्हाई, आपलं मनातलं. लिवता झ्याक तुमी. मी तीनदा वाचलं. ते वरचं नाव, 'सवतीचं पाणी', ते कसं काय सुचलं?

पूर्णिमा : कशाबद्दल बोलताय तुम्ही?

सूरज : असू द्या की आता. टॅब हितं मांडीवर हाय माझ्या.

पूर्णिमा : बरं, मी लिहिलं. उपमा आहे ती. आम्ही बाहेरून आलेले, सवतीच्या मुलांना ताटात उरलंसुरलं वाढावं तसं आम्हाला पाणी मिळतं. त्यावरून सुचलं.

सूरज : समद्यांना तसंच वाटलं. आमचा बाप बी हसला वाचून. दुकानातल्या पोरांनी मोठ्यानं वाचलं व्हतं. पन घरी आल्यावर मी आईला वाचून दाखवलं, आन् आई हसली न्हाई. तिच्या हातातनं परात सुटली.

पूर्णिमा : मला तुमच्या घरच्या गोष्टी सांगू नका.

सूरज : सांगावं लागंल. त्या विहिरीला गाव 'ओढ्याची' म्हनतं. बाप, चुलते, आमी पोरं 'खालची' म्हनतो. सातबाऱ्यावर तिला नावच न्हाई. 'सवत' म्हनत्यात फकस्त आमच्या घरच्या सुना. त्या बी आपसात, चुलीपाशी, बाप्यांच्या मागारी. मला एवढा मोठा होऊस्तोवर ठाऊक नव्हतं. बापाला तर म्हातारपनी आता कळलं. आईनं परात का टाकली म्हनून त्यानं विचारलं, आन् ती बोलून गेली, हे तर आमचं चुलीपाशचं नाव.

पूर्णिमा : शब्द काय, कुठूनही येतो. कुणी बसमध्ये बोललं असेल, कानावर पडला असेल.

सूरज : सुना तिघी. थोरली काकी वारली. उरली आई आन् उरली चुलती. चुलतीला बापानं आदी विचारलं. ती म्हनली, मला लिवता-वाचता येत न्हाई, मी कुनाला सांगू. खरंय ते. ती घरात तोंड उगडत न्हाई. मग ऱ्हायली आई. आई बचत गटात जाती, चार बायकांत बसती, मोबाइल वापरती. बापाच्या डोस्क्यात तेच बसलंय. इस्तवाला तेल मिळालं. विहीर गेली ती घरच्या बाईनं घालवली, असं म्हनतो.

दुर्गाबाई : काय म्हणायलास? आणि मग?

सूरज : मग काय, मावशी. बापाचा हात तुमी बगितला न्हाई.

पूर्णिमा : हे सगळं खरं असेल तर पोलिसांकडे जा. इथे येऊन आमचा चहा कशाला पिताय?

सूरज : मला एक नाव पायजे. आईनं न्हाई सांगितलं, दुसऱ्या कुनी सांगितलं, एवढं कळलं की मी आईला सोडवतो. म्हनून तर ही पडताळनी अंगावर घेतली. रिकामी कळशी कोन हे कुनी सांगंना. मग आमीच आरडायला लागलो, फेक हाय, फेक हाय. खऱ्या मानसाला ते सोसत न्हाई. आज ना उद्या ते आपल्या पायानं येतंच खूण मागायला.

पूर्णिमा : म्हणजे तो गिल्ला तुम्ही केला होता.

सूरज : तुमी बी रागारागानं भरला अर्ज. पोटात राग असल्याबिगर लोक आधार कार्ड देत न्हाईत.

पूर्णिमा : मला कुणाचंही नाव माहीत नाही. तुमच्या घरातलं तुमच्या घरात निस्तरा. आणि आता उठा, नाहीतर मी कंपनीकडे तक्रार करते.

सूरज : करा की. धायरीची तक्रार म्हनून ती चौकशीला माझ्याकडंच येईल. बसा, वहिनी. अजून एक हाय. ही रिकामी कळशी नुसती पाण्याच्या कट्ट्यावर लिवत न्हाई. 'मनातलं' म्हनून बायकांचा येगळा कट्टा हाय, तिथं बी हीच कळशी हाय. पूर्वी तिथलं वाचलं तर कोनतरी एक बाई वाटायची. आता नावाशेजारी नाव आलं की समदं एका ओळीत लागतं. जुनं बी.

पूर्णिमा : ते तुमच्या कामाचं नाही.

सूरज : न्हाईच. दोन वर्सांमागलं हाय, तुमचे सासरे नागोराव गेले आन् मावशी हिकडं राहायला आल्या, तवाचं. वाचून दाखवू का?

पूर्णिमा : नको.

दुर्गाबाई : काय लिहिलंय? माझं नाव आहे त्याच्यात?

सूरज : नाव न्हाई, मावशी. तिथं नाव कुनीच लिवत न्हाई.

पूर्णिमा : बंद करा तो टॅब.

सूरज : केला. मी वाईट मानूस न्हाई, वहिनी. घरातलं घरात राहावं, असं मला बी वाटतं. तुमच्यातलं बी आन् आमच्यातलं बी. मी आईपायी आलोय. तिचा उजवा हात सुजलाय, भाकरी थापता येत न्हाई. डॉक्टरला सांगितलं, मोरीत पडली.

दुर्गाबाई : माय माय माय. बाईच्या जातीला हेच का? खरं सांगायलास ना रे, लेकरा?

सूरज : आईचं खोटं कोन सांगंल, मावशी?

दुर्गाबाई : मग ऐक. मी कुणाचं नाव घेणार नाही, शपथ घातलीय मला. पण तुझ्या आईनं काही केलेलं नाही. त्या माउलीला विनाकारण मार बसायलाय, ते पाप मला नको.

पूर्णिमा : आई.

सूरज : बोलू द्या की त्यांना, वहिनी. का मी बोलू?

दुर्गाबाई : ते नाव ठेवलं तेव्हा तुझी आई त्या घरात आलीच नव्हती रे. तिला फार तर ऐकून ठाऊक असेल. दोघीच सुना होत्या तेव्हा. एक थोरली आणि एक नवी, अंगावरची हळद निघाली नव्हती अशी. पहिल्या रात्री नवरा येईल म्हणून ती बसलेली, आणि तो गेला विहिरीवरचं इंजिन चालू करून रानात पाण्याची दारं धरायला. त्या दिवशी लाइट आली होती का डिझेल मिळालं होतं, काहीतरी असंच. पहाटे आला तो गुडघाभर चिखलाच्या पायानं, आणि तसाच भिंतीला टेकून झोपला. नवी सून रडायला लागली. तर थोरली जाऊ तिला चुलीपाशी घेऊन बसली आणि म्हणाली, रडतीस काय वेडे, तुझ्याआधी सवत आलीय या घरात, विहीर तिचं नाव. मग दोघी इतक्या हसल्या की सासू उठली. तेव्हापासून ते नाव पडलं. आता मला सांग, तुझ्या आईचा काही संबंध आहे का याच्यात?

सूरज : न्हाई. आईचा काय बी संबंध न्हाई.

दुर्गाबाई : तेच म्हणते मी.

सूरज : चिखलाचे पाय. भिंतीला टेकून. हे आईनं बी कदी सांगितलं न्हाई मला. तिला ठाऊकच नसंल.

दुर्गाबाई : नसणारच. जिचं तिलाच ठाऊक असतं हे. बापाला नीट समजावून सांग. म्हणावं, तिला सोडा.

सूरज : सोडतील आता.

पूर्णिमा : सूरज, ऐका माझं. ही गोष्ट कुणाचीही असू शकते. गावोगावी नवरे रानात जातात. माझ्या आईनंसुद्धा मला असंच काहीतरी सांगितलं होतं.

सूरज : असंल की. बगा, तुमची खूण लागली. 'अभिनंदन, आपण पडताळलेले रहिवासी आहात.' दिसली का फोनवर? आता तुमचं समदे वाचतील.

पूर्णिमा : त्यांच्या केसाला धक्का लागला तर मी हेही लिहीन. सगळं लिहीन, तुमच्या नावासकट.

सूरज : लिवा की. आता खऱ्या मानसानं लिवलंय म्हनून लोक मानतील. आन् आमाला बी कुठं यायचं ते ठाऊक हाय. येतो, मावशी. चहा झ्याक व्हता. आन् एक, उद्यापासनं भाजी दुसरं कुनी घेऊन येईल. चुलतीचे गुडघे दुखत्यात, तिला आता हिंडवत न्हाई.

दुर्गाबाई : बरं, बाबा. सावकाश जा.

पूर्णिमा : दार लावू नका, आई. कडी राहू द्या.

दुर्गाबाई : मी नाव नाही घेतलं हं तिचं. एकदाही नाही.

पूर्णिमा : नाही घेतलंत.

दुर्गाबाई : मग तू अशी भिंत धरून कामून उभी आहेस? चुकलं का माझं काही? चुकत होतं तर मला मध्येच थांबवायचं होतंस. दहादा थांबवतीस एरवी.

पूर्णिमा : मला बोलता आलं नाही.

दुर्गाबाई : त्या दुसऱ्या कट्ट्यावरच्या लिहिण्यामुळे? काय लिहिलं होतंस तू माझ्यावर?

पूर्णिमा : सांगते, आई. वाईटच लिहिलं होतं, सगळं सांगते. पण आधी चपला घाला. आपण त्यांच्या घरी जाऊ आणि बायडाबाईंना घेऊन येऊ. आज त्या इथे झोपतील.

दुर्गाबाई : इथे? अगं, ते तिचं घर आहे. अशी कशी येईल ती परक्यांबरोबर? तिचा दीर काय म्हणेल?

पूर्णिमा : मी सुदर्शनला बोलावते, पोलिसांना फोन लावते. तुम्ही फक्त चला. तो गाडीवर गेलाय. त्यांच्याकडे फोनसुद्धा नाही, आई, नाहीतर निदान घराबाहेर पडा एवढं तरी सांगितलं असतं.

दुर्गाबाई : येते की, येते. दम धर. पण मला एक कळेना. गुडघे कुठं दुखतात तिचे? कालच तर डोक्यावर पाटी घेऊन जिन्यानं वर आली, हसत हसत, धापसुद्धा लागली नव्हती.